दार आणि फोन : 'सत्या' आणि 'कंपनी'वरच्या चित्रफितीच्या कामाच्या नोंदी

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

'सत्या' आजपासून पुन्हा थिएटरला लागला. पहिल्यांदा ३ जुलै १९९८ला आला तेव्हा मी नववीत होतो आणि घरून परवानगी मिळाली नव्हती. नंतर पाहिला तो केबलवर, मध्ये मध्ये जाहिराती आणि वर मुंग्या. मोठ्या पडद्यावर आज पहिल्यांदा. मध्यंतरात वडापाव घ्यायला उठलोच नाही.

घरी येताना लोकलमध्ये ठरवलं, आमच्या फिल्म क्लबसाठी या वर्षीची चित्रफीत याच्यावर करायची. एकट्या 'सत्या'वर नाही, त्यावर पुष्कळ बोलून झालंय. रामगोपाल वर्मांचाच 'कंपनी' शेजारी ठेवायचा. तो १२ एप्रिल २००२चा, म्हणजे मध्ये चार वर्षांचंही अंतर नाही. दिग्दर्शक तोच, गुन्हेगारी जग तेच, पार्श्वसंगीत संदीप चौटांचंच, आणि तरी एक बघून माणूस हळवा होऊन बाहेर पडतो, दुसरा बघून गार पडतो. हे असं का होतं, एवढंच शोधायचं. लांबी पंचवीस मिनिटं, त्याच्या वर नाही. संकलन नेहमीप्रमाणे मित्राकडे. प्रदर्शन मार्चच्या दुसऱ्या शनिवारी.

१९ जानेवारी, रविवार

'कंपनी' घरी पाहिला. आई अर्धा वेळ सोबत होती. मोहनलाल आले तेव्हा म्हणाली, "हा पोलीस खरा वाटतो, कमी बोलतो." त्यांचा श्रीनिवासन हा तेव्हाचे मुंबईचे सहपोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्यावरून बेतलेला, हे तिला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि भाजी निवडायला घेतली.

पहिली कच्ची मांडणी केली: 'सत्या' म्हणजे मैत्री, 'कंपनी' म्हणजे धंदा. लिहून झाल्यावर वाचली आणि खोडली. हे तर 'कंपनी' स्वतःच पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकतो. चित्रपटाचं म्हणणं त्यालाच परत ऐकवायला पंचवीस मिनिटं कशाला?

२२ जानेवारी, बुधवार

मोजदाद करून पाहिली. वहीत दोन रकाने: किती जण मारले, कुणी मारले, कशानं मारले. पाऊण तासानंतर बंद केली. आकडे येतील, पण त्यांतून काही निघणार नाही. 'सत्या'तल्या टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे मेला की पोटात खड्डा पडतो, आणि तो आकड्यात एकच.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीचा पूर्ण दिवस मिळाला. 'सत्या'च्या जन्मकथेची टिपणं काढली. यातलं किती वापरता येईल माहीत नाही, पण काही गोष्टी हातात असाव्यात.

१२ ऑगस्ट १९९७ला गुलशन कुमार यांचा अंधेरीत देवळाबाहेर खून झाला. ती बातमी आली तेव्हा आपण एका निर्मात्याकडे बसलो होतो, असं वर्मांनी सांगितलंय. मेलेला माणूस सकाळी किती वाजता उठला, कुणाला काय म्हणाला, असं सगळं तो निर्माता सांगत होता. वर्मांच्या डोक्यात आलं, मारणाराही सकाळी उठला असेलच की. त्यानं चहा कधी घेतला? 'सत्या' इथून सुरू होतो, असं मला वाटतं. खून करणाऱ्या माणसांचा खुनाआधीचा आणि नंतरचा वेळ. त्यात खाणं, बायकोशी भांडण, पाऊस, गाणं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पटकथेसाठी वर्मांना आधी विजय तेंडुलकर हवे होते, कारण 'अर्धसत्य'. (तो मुळात श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा. पानवलकरांचं नाव अशा वेळी कुणी घेत नाही म्हणून इथे मुद्दाम.) 'सत्या' हे नावही काही अंशी 'अर्धसत्य'ला केलेला नमस्कार आहे. शेवटी लिहिलं अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांनी. तेंडुलकरांनी लिहिला असता तर सत्याला भूतकाळ मिळाला असता, अशी माझी पैज. या सत्याला तो नाहीच. कुठून आला, घरी कोण, काही नाही. मुंबईत पोरं या वाटेला का लागली, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात, १९८२चा गिरणी संप हे त्यातलं पहिलं. वर्मा त्या वाटेला जातच नाहीत. माणूस गाडीतून उतरला, इथून पुढे बघा.

३० जानेवारी, गुरुवार

आईमुळे एक छोटा तुकडा मिळाला. तिचं माहेर पेणचं. तुरुंगातला भिकूचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा लावत होतो, तर स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा म्हात्रे कुठला रे? बोलण्यावरून घाटावरचा वाटतोय."

बरोबर पकडलं. म्हात्रे म्हटलं की उरण, पनवेल, अलिबाग, पेण, आगरी वस्ती. पण मनोज वाजपेयी मूळचे बिहारमधल्या पश्चिम चंपारणचे, आणि भिकूची बोली त्यांनी उचलली ती त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या कोल्हापूरच्या माणसावरून. म्हणजे आडनाव खाडीचं, हेल पंचगंगेचा, भाषा हिंदी आणि नट बिहारी. इतकं असूनही सत्तावीस वर्षांत भिकू कुणालाच खोटा वाटलेला नाही. मुंबईच्या कुठल्याही चाळीत असा एक जण असतोच, ज्याच्या बोलण्यात चार गावं असतात. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना सहायक अभिनेत्याचा मिळाला. यातलं 'सहायक' मला अजून खटकतं.

चित्रफितीत याला दीड मिनिट. आईला श्रेय द्यायचं, असं मित्रानं बजावलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज काम पुढे सरकलं, आणि तेही चुकून. लॅपटॉपची स्क्रीन अधूनमधून काळी पडते, आवाज मात्र चालू राहतो. 'कंपनी'चा मधला भाग लावला होता, स्क्रीन गेली, तर मी तसाच हेडफोन लावून ऐकत बसलो. मग मुद्दाम 'सत्या'ही तसाच ऐकला, डोळे मिटून.

'सत्या' ऐकताना खोल्या ऐकू येतात. भिंतींवर आपटून येणारे आवाज, एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं, भांडी, पाऊस, खिदळणं. कल्लूमामाचं गाणं तर अख्खी टोळी एका खोलीत कोंबल्यासारखं आहे. दारूचा वास येतो म्हटलं तरी चालेल. सत्या आणि विद्या शेजारी-शेजारी राहतात, तीही गोष्ट भिंतीला भिंत लागून असल्यामुळेच घडते.

'कंपनी' ऐकताना फोन ऐकू येतात. हाँगकाँगहून मुंबई, मुंबईहून हाँगकाँग, मग केनिया. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचा आवाज जवळचा, दुसऱ्याचा तारेतून आलेला, किरटा. टोळीचा प्रमुख मलिक आणि त्याचा उजवा हात चंदू यांचं नातं एकदा बिघडल्यावर मुख्यतः असंच चालतं. मध्ये समुद्र, हातात यंत्र. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सोयच नाही.

रात्री मित्राला फोन केला (होय, फोनच). म्हणालो, मिळालं. एक चित्रपट दाराचा, एक फोनचा. 'सत्या'च्या शेवटी काय आहे? एक माणूस एका दारावर ठोठावतोय. तो म्हणाला, "छान आहे. पण छान दिसणारी गोष्ट खरी असेलच असं नाही. 'सत्या'तही फोन आहेतच. उद्या बोलू."

५ फेब्रुवारी, बुधवार

मित्राची हरकत पुरती ऐकली. त्याचं म्हणणं असं: 'सत्या'त टोळीच्या डोक्यावरचा राजकारणी भाऊ ठाकूरदास झावळे वरून हुकूम देतो. विरुद्ध टोळीच्या गुरू नारायणला हात लावायचा नाही, निवडणूक आहे. भाऊ काही त्यांच्या खोलीत राहत नाही. म्हणजे लांबून येणारा हुकूम तिथेही आहेच. मग फरक कुठे राहिला?

उत्तर सुचलं नाही. राग आला, विशेषतः तो बरोबर आहे म्हणून.

८ फेब्रुवारी, शनिवार

मित्राच्या घरी दोघांनी मिळून दोन्ही चित्रपटांतले फक्त 'हुकुमा'चे प्रसंग लावले. कोण कुणाला मारायला सांगतो, कोण नको म्हणतो, पुढे काय होतं. पोहे दोनदा झाले. इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण चित्रफितीचा कणा हाच होणार.

'सत्या': भाऊ म्हणतो नको. तरी भिकू आणि सत्या गुरू नारायणला संपवतात. वरून आलेली 'नको' खाली पोचते आणि खालच्या खोलीतली आग ती गिळून टाकते. भाऊ तेव्हा काही करत नाही. गोड बोलतो, निवडणूक जिंकतो, आणि विजयाच्या जल्लोषात समोर उभ्या भिकूच्या डोक्यात गोळी घालतो. स्वतः, आपल्या हातानं. हे महत्त्वाचं. भाऊकडे माणसं कमी नाहीत, पण हिशेब तो हातभर अंतरावरूनच चुकता करतो. मग सत्या तेच करतो. गणपती विसर्जनाच्या गर्दीत घुसून, गुलाल, ढोल, बाप्पाचा जयजयकार चालू असताना भाऊला गाठतो. तोही स्वतः.

'कंपनी': मलिक एका मंत्र्याला उडवायची सुपारी घेतो. मरण अपघाताचं दिसलं पाहिजे. योजना चंदूची. ऐन वेळी कळतं की गाडीत मुलं आहेत. चंदू म्हणतो थांबा. पण मलिक स्वतः माणसांशी बोलतो आणि काम पुरं करायला लावतो. म्हणजे इथली 'नको' खालून वर जाते, आणि वर ती गिळली जाते. रागानं नाही, हिशेबानं. दोघांची फारकत इथे होते.

आणि मग शेवट. चंदू आता श्रीनिवासनच्या हातात आहे, त्याच्यापुरती लढाई संपली आहे. पण त्यानं आधीच हाँगकाँगकडे सोडलेला कोडा सिंग (विजय राज) तिथे पोचलेला आहे. कोडाच्या लेखी काहीच संपलेलं नाही. तो मलिकला गोळी घालतो.

आम्ही दोघं एकदम गप्प झालो. एकाच चित्रपटात दोन हुकूम. एक थांबवायचा प्रयत्न झाला तरी थांबला नाही, दुसरा थांबवायला कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे मुद्दा दाराचा-फोनचा नव्हता, किंवा तेवढाच नव्हता. मुद्दा 'नको' या शब्दाचा आहे. 'सत्या'त माणसं 'नको' मोडतात, आणि ज्याचं मोडलं तो समोर येऊन वसूल करतो. 'कंपनी'त 'नको'ला कुठे जागाच नाही. शब्द एकदा निघाला की निघाला, सोडणारा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मित्र म्हणाला, "आता दार आणि फोन ठेव. आता त्यांना काम आहे."

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक प्रश्न राहिला होता: चार वर्षांत फोन इतका मोठा का झाला? नुसती दिग्दर्शकाची लहर म्हणून सोडून देणं पटेना. कायद्याकडे वळलो आणि बरंच सापडलं.

१९९९ला मोक्का आला, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. त्यात फोनवरचं संभाषण परवानगी घेऊन टिपायची आणि ते न्यायालयात पुरावा म्हणून वापरायची तरतूद होती. त्याच्या आधी पोलीस ऐकत नसत असं कोण म्हणेल, पण आता ऐकलेलं कामाचं झालं. जानेवारी २००१मध्ये हिरे व्यापारी आणि चित्रपटांचे अर्थपुरवठादार भरत शहा यांना मोक्काखाली अटक झाली, तीही टेप केलेल्या फोनच्या आधारावर. २००३च्या निकालात मोक्काच्या आरोपांतून ते सुटले, माहिती दडवल्याचा ठपका तेवढा राहिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं फोन टिपण्याची कलमं घटनाबाह्य ठरवली आणि २००८ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा वैध ठरवली.

म्हणजे 'कंपनी' लिहिला जात होता तेव्हा मुंबईत टोळीचा फोन हा गुन्ह्याचं हत्यारही होता आणि खटल्यातला साक्षीदारही. मोहनलालचा श्रीनिवासन पिस्तूल घेऊन धावत नाही, तो ऐकतो आणि थांबतो. 'सत्या'तले आयुक्त आमोद शुक्ला (परेश रावल) रस्त्यावर मारले जातात. श्रीनिवासनपर्यंत कुणी पोचत नाही.

यातच आणखी एक जुळणी दिसली. मे १९९८मध्ये केंद्र सरकारनं चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, जुलैत 'सत्या' आला, आणि चार वर्षांनी टोळीवरच्या चित्रपटाचं नाव 'कंपनी'. मोह होतोय. पण हे जरा जास्तच बेतशीर आहे, आणि 'कंपनी' हा शब्द मुंबईच्या बोलीत टोळीसाठी आधीपासून होताच. वगळलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

निवेदनाचा तुकडा जोडला. गंमत अशी की मकरंद देशपांडे दोन्हीकडे आहेत. 'सत्या'त ते वकील मुळे, टोळीच्या मांडीला मांडी लावून बसणारे. 'कंपनी'त नुसता आवाज. वर आभाळात घारी फिरतात आणि तो आवाज धंद्याचं तत्त्वज्ञान सांगतो. तोच माणूस खोलीतून उठून घारींच्या उंचीवर गेलाय. आम्ही दोन्ही तुकडे मागेपुढे लावले, मध्ये एक शब्दही नाही. पाहणाऱ्याला कळेल.

छायाचित्रणावर दोन ओळी पुरेत. 'सत्या' सुरू केला अमेरिकन छायाचित्रकार जेरार्ड हूपर यांनी, पुरा केला मझहर कामरान यांनी. परक्याच्या डोळ्याला मुंबई नेहमीची वाटत नाही, म्हणून ओल्या भिंती, जिने, पाण्याचे ड्रम एवढे ठळक आलेत, असा माझा तर्क. शिवाय वर्मा हैदराबादचे, सत्या झालेले जे. डी. चक्रवर्तीही तेलुगू चित्रपटांतून आलेले. बाहेरून आलेल्यांनी बाहेरून आलेल्याची गोष्ट सांगितली. 'कंपनी'त हेमंत चतुर्वेदी. तिथला कॅमेरा देखणा आहे आणि त्याला ते ठाऊक आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

बायकांचा भाग लिहायला बसलो आणि अडलो. प्यारी (शेफाली छाया, आताच्या शेफाली शाह) भिकूशी बरोबरीनं भांडते. ती घरात असली की भिकू गुंड राहत नाही, नवरा होतो. ऊर्मिला मातोंडकरची विद्या साध्या साड्यांत, कामाच्या शोधात, शेजारी कोण राहतं याचा तिला पत्ता नाही. 'कंपनी'त सीमा बिस्वासची राणीबाई, चंदूची आई, थोडक्या वेळात सगळ्यांना खाऊन टाकते. मनीषा कोईरालाची सरोजा आणि अंतरा माळीची कन्नू, दोघी फोनच्या या टोकाला बसून त्या टोकाला काय झालं याची वाट बघतात. यावर वेगळी चित्रफीत व्हायला हवी. इथे तीन मिनिटांत कोंबलं तर अन्याय होईल. फक्त प्यारी आणि राणीबाई ठेवल्या.

विवेक ओबेरॉयनं पहिल्याच भूमिकेसाठी झोपडपट्टीत जाऊन राहून चंदूचं सोंग घेतलं आणि तसाच वर्मांसमोर गेला, हा किस्सा मित्राला हवा होता. काढला. सगळ्यांना माहीत आहे.

वर्मांचाच 'सरकार'ही घेऊया, अशी सूचना क्लबमधून आली. तो २००५चा. नम्रपणे नाही म्हटलं. तिसरा पाहुणा आला की पहिल्या दोघांचं बोलणं थांबतं.

१ मार्च, शनिवार

निवेदन ध्वनिमुद्रित केलं. कपाटात रजया टांगून. तीनदा कुकरच्या शिट्टीनं घात केला. चौथ्यांदा आईनं स्वतः गॅस बंद केला आणि "बोल आता भिकू" म्हणून दार ओढून घेतलं.

लांबी एकतीस मिनिटं. सहा मिनिटं कापायची. मोक्काचा भाग चारवरून दीडवर आणला. न्यायालयांचा सगळा प्रवास गेला, फक्त १९९९ आणि २००१ राहिले. जीव तुटला, पण तो लेखाचा ऐवज होता.

८ मार्च, शनिवार

प्रदर्शन झालं. तीस-बत्तीस माणसं. प्रोजेक्टरनं सुरुवातीला सगळं हिरवं दाखवलं, मग सुधारला.

हुकुमांच्या प्रसंगाला शांतता होती, तीच हवी होती. नंतर बोलताना निम्मे लोक अर्थातच भिकूबद्दल बोलले, समुद्राकडे तोंड करून स्वतःला राजा जाहीर करणारा तो प्रसंग का नाही घेतला म्हणून तक्रारही आली. तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, म्हणालो.

एका निवृत्त गृहस्थांनी हरकत घेतली की मी 'कंपनी'ला थंड म्हणून कमी लेखतोय. त्यांच्या मते तो जास्त धाडसी चित्रपट आहे, कारण रडायची सोय देत नाही. यावर बराच वेळ बोललो. मला अजूनही 'सत्या'च जवळचा आहे, पण 'कमी लेखतोय' हे निवेदनाच्या सुरात आलंय खरं. दोन वाक्यं पुन्हा ध्वनिमुद्रित करायची.

मागच्या रांगेतून एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "कोडाकडे मोबाइल नव्हता का? फोन करून थांबवायचं ना त्याला." सगळे हसले. आम्ही दोघंही. मग मित्रानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि सूत्रसंचालकानं पुढचा प्रश्न घेतला.

९ मार्च, रविवार

दुरुस्त्या. दोन वाक्यं बदलली, कोल्हापूरच्या तुकड्यात आईचं नाव घातलं. फोनच्या घंटीवरून दाराच्या ठोक्यावर जाणारा कट अजून बरोबर नाही. ठोका दोन फ्रेम लवकर येतोय. मित्र म्हणतो चालेल. नाही चालणार.